लिपी सर्वांची, पॅकेज कोणत्या यंत्राचे?

नार्नूर मंडलातील गुंजाला गावी जपलेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी जून २०१८मध्ये युनिकोडच्या ११.० आवृत्तीत आली. अक्षरांना संकेतांक मिळाले. पण ती पडद्यावर दिसायला फाँट हवा, टंकायला कळफलक हवा. हे दोन्ही पॅकेजमधून संगणकात उतरतात. तिथेच आम्ही अडलो.

माझ्या विद्यार्थ्यांनी डेबियन प्रणालीसाठी फाँटचे पॅकेज बांधले. कंट्रोल फाइलमध्ये ‘आर्किटेक्चर’ या शब्दापुढे त्यांनी आपल्या लॅपटॉपचा प्रकार लिहिला : एएमडी६४. नार्नूरच्या एका गुरुजींकडे जुना ३२ बिटांचा, म्हणजे आय३८६ जातीचा संगणक. त्याने पॅकेज घेतलेच नाही; आर्किटेक्चर जुळत नाही, एवढेच सांगितले. दोष फाँटमध्ये नव्हता, आमच्या एका शब्दात होता. (साहित्य शिकवणाऱ्याला हे जरा लागलेच.)

फाँट म्हणजे अक्षरांचे आकार. त्यात प्रोसेसरच्या भाषेतील आज्ञा नसतात. म्हणून तिथे ‘ऑल’ लिहायचे. आरपीएम पद्धतीत यालाच ‘नोआर्च’ म्हणतात. टंकलेखनाचा प्रोग्राम सी भाषेत लिहिलेला असेल, तर मात्र कंपाइलर त्याचे एकाच जातीच्या प्रोसेसरसाठी भाषांतर करतो. तिथे ‘एनी’ लिहून प्रत्येक जातीसाठी पॅकेज वेगळे बांधावे लागते. त्यालाही कोणी ‘ऑल’ लिहिले, तर पॅकेज बिनतक्रार बसते आणि प्रोग्राम चालत नाही. मला ही चूक अधिक वाईट वाटते. ती उशिरा कळते.

आम्ही शब्द बदलला, पॅकेज पुन्हा बांधले. गुरुजींच्या पडद्यावर रिकाम्या चौकोनांच्या जागी गोंडी अक्षरे उमटली.