जुनी मालिका नवी कशी दिसू लागली? (फिल्म, टेप आणि पिक्सेल)



आज आपण एका अमेरिकन विज्ञानकथा मालिकेच्या निमित्ताने चित्र कसं साठवलं जातं ते समजून घेणार आहोत. मालिकेचं नाव आहे 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली नसेल. हा पाठ समजायला ती पाहिलेली असण्याची गरजही नाही. एवढंच लक्षात ठेवा की एक मोठं अंतराळयान आहे, 'एंटरप्राइझ' त्याचं नाव. त्याचा कप्तान पिकार्ड (ही भूमिका पॅट्रिक स्ट्युअर्ट यांनी केली) आणि त्याचे सहकारी नवनव्या ग्रहांवर जातात. सप्टेंबर १९८७ मध्ये ही मालिका अमेरिकेत सुरू झाली आणि मे १९९४ मध्ये संपली. एकूण ७ पर्वं, १७८ भाग.

याच्याही आधी, १९६६ ते १९६९ या काळात, जीन रॉडनबेरी यांचीच मूळ 'स्टार ट्रेक' मालिका येऊन गेली होती. आता गंमत बघा. ही १९६६ ची जुनी मालिका ब्लू-रे डिस्कवर स्वच्छ, ठसठशीत चित्रासह २००९ मध्येच आली. तिच्यापेक्षा २१ वर्षांनी लहान असलेल्या 'नेक्स्ट जनरेशन'चं पहिलं पर्व मात्र ब्लू-रेवर यायला २४ जुलै २०१२ उजाडावं लागलं, आणि त्यासाठी प्रचंड खटाटोप करावा लागला. नवीन वस्तू जुनीपेक्षा चांगली असणार असं आपण धरून चालतो. इथे उलटं झालं. का झालं?

आधी ग्राफ पेपर घ्या

वहीतला ग्राफ पेपर घ्या. १० चौकोन रुंद आणि १० चौकोन उंच अशी एक चौकट आखा आणि त्यात 'श्री' हे अक्षर काढा. अट एकच, चौकोन पूर्ण रंगवायचा किंवा पूर्ण सोडायचा. अर्धा रंगवायचा नाही. अक्षर ओबडधोबड होईल. वेलांटी कुठे वळते तेही नीट कळणार नाही. आता तेच अक्षर ४० बाय ४० चौकोनांत काढून बघा. वेलांटी छान गोल दिसायला लागेल. हे चौकोन म्हणजेच पिक्सेल. पिक्सेल जितके जास्त तितका तपशील जास्त.

आता खरी परीक्षा. तुमचं मूळ 'श्री' कुणी पाहिलेलं नाही, फक्त १० बाय १० वालं ओबडधोबड चित्र शेजारच्या मित्राकडे द्या आणि त्याला सांगा, "यावरून ४० बाय ४० चं सुंदर अक्षर करून दे." तो काय करेल? एका चौकोनाचे सोळा बारीक चौकोन करेल आणि सगळ्यांना तोच रंग देईल. चौकोन वाढले, तपशील वाढला का? नाही. फार तर तो अंदाजाने कोपरे घासून गोल करेल, पण तो त्याचा अंदाज झाला. जी वेलांटी कागदावर कधी उतरलीच नाही ती परत आणता येत नाही.

शिक्षक मित्रांनो, हा उपक्रम एका तासिकेत आरामात होतो आणि मुलं तो विसरत नाहीत. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे, म्हणून घाई करू नका.

टीव्हीसाठी किती पुरेसं होतं?

त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर चित्राच्या साधारण ४८० आडव्या रेषा दिसत. (आपल्याकडची पद्धत वेगळी होती, तिच्यात ५७६ रेषा दिसत.) डीव्हीडीवर हेच अमेरिकन चित्र ७२० × ४८० अशा पिक्सेलमध्ये साठवतात. गुणाकार करा, ३,४५,६०० पिक्सेल. ब्लू-रेवर उंची १०८० असते. जुन्या टीव्हीच्या ४:३ आकारात चित्र ठेवलं तर रुंदी १४४० येते. १४४० × १०८० म्हणजे १५,५५,२००. बरोबर साडेचार पट!

आता फिल्मकडे या. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मला असे आखलेले चौकोन नसतातच. तिच्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या रसायनाचा थर असतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म कणांनी चित्र बनतं. चांगल्या निगेटिव्हमध्ये ब्लू-रेला पुरून उरेल एवढा तपशील असतो. म्हणजे १९६६ सालीही कॅमेऱ्यासमोरचा बारीकसारीक तपशील फिल्मवर उतरत होता. घरातल्या टीव्हीला तो दाखवता येत नव्हता, एवढंच.

मूळ मालिका फिल्मवर चित्रित झाली, आणि तिचं संकलनही फिल्मवरच झालं. म्हणजे तुकडे कापून, जोडून, पूर्ण भागाची निगेटिव्ह तयार झाली आणि ती जपली गेली. पुढे स्कॅनर आले तेव्हा ती निगेटिव्ह काढली, धुतली, स्कॅन केली. (अंतराळातली बरीच दृश्यं २००६ पासून संगणकावर नव्याने केली, तो वेगळा विषय. मला स्वतःला जुनीच जास्त आवडतात.)

'नेक्स्ट जनरेशन'सुद्धा ३५ मिलिमीटर फिल्मवरच चित्रित झाली होती. पण चित्रीकरण झालं की फिल्मवरचं चित्र व्हिडिओ टेपवर उतरवून घेत आणि पुढचं सगळं काम, म्हणजे संकलन, यानाची दृश्यं जोडणं, किरणांचे झोत, नावं, सगळं टेपवर होई. का? तर वेळ आणि पैसा. बहुतेक पर्वांत २६ भाग, आठवड्याला एक. प्रत्येकात अंतराळाची दृश्यं. फिल्मवर दोन-चार थर एकावर एक चढवायचे तर वेळ फार जातो आणि दर खेपेला चित्र थोडं मळतं. टेपवर ते काम झटपट होई. टीव्हीला ४८० रेषांपुढे काही दिसत नाही, मग उगाच कशाला खर्च? त्या दिवसापुरता हा निर्णय अगदी शहाणपणाचा होता. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

परिणाम मात्र असा झाला की पूर्ण झालेला भाग फक्त टेपवर राहिला. पूर्ण भागाची फिल्म बनलीच नाही. २००२ मध्ये पहिल्या पर्वाचा डीव्हीडी संच आला तो या टेपांवरूनच. आपल्या ग्राफ पेपरच्या भाषेत सांगायचं तर हातात १० बाय १० वालं चित्र होतं.

पंचवीस हजार रिळं

आता मालिकेची मालकी असलेल्या सीबीएस कंपनीपुढे दोन रस्ते होते. टेपवरचंच चित्र ताणून मोठं करायचं, किंवा गोदामात जायचं. तिथे चित्रीकरणाच्या मूळ निगेटिव्ह जपून ठेवलेल्या होत्या, सातही पर्वं मिळून २५,००० पेक्षा जास्त रिळं! पण हा कच्चा माल होता. एकच वाक्य नटाने चार वेळा म्हटलेलं, तीन बाजूंनी टिपलेलं, सगळं सुटं सुटं. म्हणजे जुनी टेप समोर ठेवायची, त्यातला एकेक शॉट बघायचा, तोच शॉट रिळांत शोधायचा, स्कॅन करायचा, आणि मूळ संकलकाने जिथे कापला तिथेच कापायचा. मालिका जणू दुसऱ्यांदा संकलित करायची.

किती काम असेल याचा अंदाज घ्या. फिल्मवर सेकंदाला २४ चित्रं असतात. भाग सुमारे ४५ मिनिटांचा धरा. ४५ × ६० × २४ = ६४,८०० चित्रं. गुणिले १७८ भाग. उत्तर १ कोटी १५ लाखांच्या वर जातं. आणि ही फक्त शेवटी वापरलेली चित्रं. शोधाशोध करताना पाहावी लागलेली वेगळीच.

यानाच्या दृश्यांची गोष्ट तर आणखी छान. एंटरप्राइझ ही खरोखरची प्रतिकृती होती, मोठी प्रतिकृती सहा फुटांची. तिच्यासमोरून कॅमेरा यंत्राच्या मदतीने हलवत, म्हणजे तीच हालचाल पुन्हा जशीच्या तशी करता येई. एका फेरीत यानाचं अंग टिपायचं, दुसऱ्या फेरीत फक्त खिडक्यांतले दिवे, तिसरीत इंजिनाचा प्रकाश. मग हे थर एकत्र केले की यान तयार. १९८७ ला ते टेपवर एकत्र केले होते. पण थरांच्या सुट्या फिल्म शाबूत होत्या! म्हणून बहुतेक ठिकाणी संगणकावर नवं यान न बनवता तीच खरी प्रतिकृती, तेच जुने थर, नव्याने जोडता आले. किरणांचे झोत वगैरे ज्या गोष्टी मुळात टेपवरच रंगवल्या होत्या त्यांची फिल्म असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पुन्हा कराव्या लागल्या. या कामात माइक आणि डेनिस ओकुडा या जोडप्याचा सल्ला घेतला गेला. दोघांनीही मूळ मालिकेच्या कला विभागात काम केलं होतं, त्यामुळे पूर्वी काय दिसत होतं हे त्यांना पाठ होतं.

चित्र स्वच्छ झालं की झाकलेलंही उघडं पडतं. यानाच्या पडद्यांवर दिव्यांचं प्रतिबिंब पडू नये म्हणून चिकटवलेले काळे कागद जुन्या टीव्हीवर कुणाला दिसले नव्हते, ते ब्लू-रेवर सरळ दिसतात. कुणीतरी विचारेल, आजचे टीव्ही रुंद असतात, मग चित्र रुंद का नाही केलं? कारण त्या वेळी ४:३ च्या चौकटीचाच विचार करून दिवे आणि उपकरणं लावली होती. बाजूला सरकलं की ती दिसायची. वर-खाली कापलं तर मूळ मांडणी बिघडते. म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवल्या, आणि माझ्या मते तेच योग्य. खरं सांगायचं तर पहिल्या पर्वातल्या सगळ्याच कथा काही दमदार नाहीत, मालिका नंतर रंगत गेली. पण आपला आजचा विषय कथा नाही.

तेरा सेकंद

पहिलं पर्व येण्याआधी, जानेवारी २०१२ मध्ये, नमुना म्हणून फक्त तीन भागांची एक डिस्क काढली होती. त्यातल्या 'सिन्स ऑफ द फादर' या तिसऱ्या पर्वातल्या भागात १३ सेकंदांची निगेटिव्ह काही सापडली नाही. तेवढा तुकडा टेपवरूनच ताणून लावला. पाहताना चित्र एकदम धुरकट होतं. हजारो रिळांत एक तुकडा हरवला तर काय होतं, हे दाखवायला वर्गात यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. नंतर तो तुकडा सापडला आणि तिसऱ्या पर्वाच्या संचात भाग पूर्ण स्वच्छ आला.

याच्या उलट प्रकारही घडला. दुसऱ्या पर्वातल्या 'द मेझर ऑफ अ मॅन' या भागात डेटा नावाचा यंत्रमानव ही कुणाच्या मालकीची वस्तू आहे की स्वतंत्र व्यक्ती, यावर खटला चालतो. प्रसारणासाठी तो भाग कापून लहान केला होता. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास यांनी न कापलेल्या लांब भागाची एक व्हीएचएस कॅसेट घरी ठेवली होती. चित्र वाईट, पण काय काय होतं आणि कोणत्या क्रमाने होतं हे तिच्यावरून कळलं. त्या आधारे निगेटिव्हमधून लांब भाग पुन्हा उभा करता आला. म्हणजे कॅसेट नकाशासारखी उपयोगी पडली आणि माल मात्र फिल्ममधून आला. दोन्हींपैकी एक नसतं तर काम अडलं असतं.

सातवं पर्व डिसेंबर २०१४ मध्ये आलं आणि मालिका पूर्ण झाली. पण तोवर डिस्क विकत घेणारे कमी होत चालले होते. याच घराण्यातल्या 'डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९) आणि 'व्हॉयेजर' (१९९५ ते २००१) याच पद्धतीने, फिल्मवर चित्रित आणि टेपवर पूर्ण अशा बनल्या होत्या. त्यांच्या वाट्याला असं काम आलेलं नाही. 'डीप स्पेस नाइन'वरच्या एका माहितीपटासाठी चाहत्यांनी वर्गणी काढली, तेव्हा काही मिनिटांची दृश्यं निगेटिव्हवरून स्वच्छ करता आली. बाकी मालिका अजून टेपवरच्या ४८० रेषांतच आहे.

आता तुमच्या घरात शोधा. आईबाबांच्या किंवा काका-काकूंच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे का? तिच्यामागे कुठलीही निगेटिव्ह नाही, कॅमेऱ्यातच टेप होती, म्हणजे ती कॅसेट हीच मूळ प्रत. आपल्याकडे पावसाळ्यात टेपवर बुरशी धरते. शिवाय ती चालवायचं यंत्रही मिळेनासं झालंय, जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. फोटोंच्या जुन्या निगेटिव्हची पाकिटं असतील तर फोटोंपेक्षा ती आधी सांभाळा, कोरडी ठेवा. आणि स्नेहसंमेलनाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले की लहान होऊन येतात. ज्यांच्या मोबाइलमध्ये काढले त्यांच्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागून घ्या.

स्वाध्याय

आपल्याकडच्या पद्धतीच्या डीव्हीडीवर ७२० × ५७६ पिक्सेल असतात. ते अमेरिकन पद्धतीपेक्षा किती जास्त, हे काढा. 'डीप स्पेस नाइन'चे १७६ भाग आहेत. प्रत्येक ४५ मिनिटांचा धरून एकूण किती चित्रं स्कॅन करावी लागतील? एकच फोटो मूळ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असे दोन्ही मोबाइलवर उघडून 'माहिती'मध्ये त्यांचे पिक्सेल बघा आणि वहीत शेजारी शेजारी लिहा. वर्गात पुढच्या तासाला आपण ते आकडे फळ्यावर मांडू.