रंगीत पुस्तकातली काळी अक्षरे

प्रश्न : मुलीसाठी प्राणी, ग्रह, यंत्रे अशा विषयांवरची परदेशी चित्रमय पुस्तके घेतो. पानापानावर रंगांची उधळण, पण मजकूर बहुतेक वेळा काळाच. अंतराळाच्या काळ्याकुट्ट पानावरही मजकुरासाठी फिकट चौकट काढलेली! तिथे सरळ पांढरी अक्षरे का छापत नाहीत?
– एक वाचक, कराड

उत्तर : काळी अक्षरे वाचायला सोपी, हे खरेच. पण खरी गोम प्रकाशकाच्या हिशेबाच्या वहीत आहे.

अशा पुस्तकाचा पैसा जातो चित्रांवर. बेडकाचे पोट उघडून दाखवणारे एक चित्र म्हणजे चित्रकार आला, ते तपासणारा प्राणिशास्त्रज्ञ आला. हा खर्च हजार प्रती काढा की लाख, तेवढाच. तो एकाच भाषेतल्या गिऱ्हाइकांकडून वसूल करायचा तर पुस्तक कुणी हातात धरणार नाही. म्हणून प्रकाशक पुस्तक पुरे होण्याआधीच नमुन्याची काही पाने घेऊन फ्रँकफुर्टच्या जत्रेत किंवा इटलीतल्या बोलोन्याला जातो. बोलोन्याला १९६४पासून खास बालपुस्तकांचा बाजार भरतो. तिथे फ्रेंच, डॅनिश, जपानी प्रकाशक आपापल्या भाषेतल्या प्रतींची मागणी नोंदवतात आणि मग सगळ्यांची छपाई एकाच वेळी लागते.

आता छापखान्यात चला. रंगीत छपाईत निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया, प्रत्येकीची प्लेट वेगळी. फ्रेंच प्रती निघाल्या की यंत्र थांबवायचे, फक्त काळी प्लेट बदलायची आणि डॅनिश प्रती सुरू. बाकी तीन प्लेटा जागच्या हलत नाहीत. चित्रातल्या सावल्यांनाही काळी शाई लागतेच. म्हणून कधी कधी मजकुरापुरती पाचवी प्लेट लावतात. एकूण काय, एकही शब्द रंगीत प्लेटांवर जाता कामा नये.

आणि पांढरे अक्षर? त्याला शाईच नसते. तो उघडा राहिलेला कागद. काळ्या आकाशात तारा म्हणून शब्द उमटवायचा तर तिथे असलेल्या प्रत्येक शाईच्या प्लेटमध्ये त्या अक्षराचे भोक हवे. भाषा बदलली की सगळी भोके बदलली, चारही प्लेटा नव्या. त्यापेक्षा फिकट चौकट स्वस्त.

लंडनमध्ये १९७४ साली सुरू झालेल्या डॉर्लिंग किंडर्स्लीने हा धंदा फार हुशारीने केला. त्यांच्या १९८८पासूनच्या ‘आयविटनेस’ मालिकेत पांढऱ्या पानावर सुटे शंख, सुटी हाडे आणि भोवती बारीक काळा मजकूर. देखणी पाने, आणि भाषा बदलायला तितकीच सोयीची!

आणखी एक गंमत. या पुस्तकांतल्या चित्रांत दुकानाची पाटी सहसा कोरी असते आणि बाटलीवर लेबल नसते. तिथे इंग्रजी अक्षर राहिले तर डॅनिश मुलगा विचारील, हे काय लिहिलंय?

मराठीची पंचाईत निराळी. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत आपल्या वेलांट्या, मात्रा, रफार वर आणि उकार खाली जागा मागतात. मग अक्षर बारीक करतात आणि आठ वर्षांच्या मुलाच्या हाती आजोबांच्या चष्म्याला जड जाईल असा मजकूर येतो. हे मला मुळीच पटत नाही. अशा वेळी अनुवादकाने दोन वाक्ये खुशाल गाळावीत.

एक भिंग घेऊन बघा. चित्र रंगीत ठिपक्यांचे दिसेल, अक्षर मात्र सलग काळे.