संजीवनी विरघळावी कशी?

रामायणातील संजीवनीच्या कथेशी नाते सांगणारा द्रोणागिरी उरण तालुक्यात उभा आहे. परंतु औषध हाती आले, म्हणजे ते रोग्याच्या रक्तात पोहोचलेच असे नाही. गोळी प्रथम पोटात विरघळावी लागते. अनेक औषधे पाण्यात अत्यल्प विरघळतात. त्यांचा मोठा अंश वाया जाऊन शरीराबाहेर पडतो.

याचे एक कारण स्फटिक होय. मिठागरात खारे पाणी उन्हाने सावकाश आटते; कणांना रचून बसण्यास अवधी मिळतो व स्फटिक बनतात. मिठाचे स्फटिक पाणी सहज फोडते. कित्येक औषधांचे मात्र ते फोडू शकत नाही.

तुषार-शुष्कनात हा अवधीच दिला जात नाही. औषध व योग्य बहुवारिक द्रावकात विरघळवून ते द्रावण उष्ण वायूच्या कोठीत सूक्ष्म तुषारांच्या रूपाने सोडतात. क्षणार्धात द्रावक उडून जातो, रेणू विस्कळीतच राहतात व भुकटी लवकर विरघळते. दुधाची भुकटीही तुषार-शुष्कनानेच होते. अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळालेले एट्राविरिन हे एच.आय.व्ही.वरील औषध या तंत्राचे उदाहरण आहे.

बहुवारिक रेणूंना आवरून धरते. तथापि ओलावा लागल्यास ते पुन्हा स्फटिकरूप घेऊ शकतात. म्हणून किनारपट्टीच्या दमट हवेत गोळ्या वेळेपूर्वी वेष्टनातून काढू नयेत, ही दक्षता शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी घरोघरी समजावून द्यावी.