प्रयोगशाळेतल्या कचऱ्याला हवेत जबाबदार पदवीधर

मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी घेतलेल्या मुलांच्या घरी ‘पुढे काय?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. पीएचडीची वाट लांबची आणि औषध कंपन्यांत स्पर्धा मोठी. अशा वेळी मुलाने किंवा मुलीने ‘बायोमेडिकल वेस्ट मॅनेजमेंट’चं नाव काढलं की आईवडिलांच्या कपाळावर आठ्या पडतात. ‘एवढं शिकून कचरा उचलायचा?’ ही एक शंका आणि ‘कसले कसले जंतू असतील तिथे!’ ही दुसरी. पहिली गैरसमजातून येते. दुसरी मात्र रास्त आहे.

काम नेमकं काय?

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम रुग्णालयांइतकेच पॅथॉलॉजी लॅब आणि संशोधन संस्थांनाही लागू आहेत. सुया, ब्लेड पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात. काच निळ्या खुणेच्या खोक्यात. पिपेटच्या टिप्स, नळ्या, हातमोजे लाल पिशवीत. जंतू वाढवलेल्या प्लेट्स पिवळ्या गटात. या प्लेट्स थेट कचऱ्याच्या गाडीत चढवता येत नाहीत. आधी संस्थेतच निर्जंतुक करायच्या, मगच त्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे जाळायला जातात. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून जास्त साठवायचा नाही, प्रत्येक पिशवीवर बारकोड हवा आणि वर्षाचा अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा.

खरी परीक्षा ऑटोक्लेव्हपाशी, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रापाशी, होते. पिशवीवरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या की नवख्याला वाटतं, झालं काम. पण टेप फक्त उष्णता लागल्याचं सांगते. ठासून भरलेल्या पिशवीच्या मधोमध वाफ पोचली का, हे तिला कळत नाही. म्हणून जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जिवाणूचे बीजाणू असलेली कुपी कचऱ्यासोबत आत ठेवतात आणि नंतर उबवतात. कुपीतला जांभळा द्रव पिवळा झाला, तर बीजाणू जिवंत राहिले आणि यंत्र नापास! अशा वेळी यंत्र बंद करायचं, कारण शोधायचं, नोंद करायची आणि प्रयोग खोळंबलेल्या वरिष्ठ शास्त्रज्ञांनाही ‘आज नाही’ असं सांगायचं. या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं मोल त्या नकारात आहे. लाल पिशवीत चुकून पडलेली सुई शास्त्रज्ञाला टोचत नाही, ती टोचते पिशवी उचलणाऱ्या कामगाराला. त्याचा जीव या अधिकाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून असतो.

शिक्षण आणि संधी

यासाठी वेगळी पदवी शोधत बसू नका. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, पर्यावरणशास्त्र यांतली बीएस्सी किंवा एमएस्सी, डीएमएलटी, नाहीतर केमिकल इंजिनिअरिंग चालतं. त्याला जोड म्हणून इग्नूचा आरोग्यसेवेतील कचरा व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम किंवा औद्योगिक सुरक्षेची पदविका करता येते. किरणोत्सर्गी कचरा हा स्वतंत्र प्रांत आहे. तिथे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम चालतात.

जाहिरातीत मात्र ‘कचरा’ हा शब्द क्वचितच दिसेल. बायोसेफ्टी ऑफिसर, ईएचएस (पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा) ऑफिसर, लॅब मॅनेजर अशी पदं शोधा. पुण्यातल्या एनआयव्ही, एनसीसीएस, आयसर, मुंबईतली हाफकिन, खारघरचं ॲक्ट्रेक अशा संस्थांत हा कचरा रोजचाच आहे. शिवाय लस आणि औषध कंपन्या, मोठ्या पॅथॉलॉजी लॅब, सामायिक प्रक्रिया केंद्रं आणि सल्लागार संस्था आहेतच. सुरुवातीला बहुधा लॅबचं नेहमीचं काम सांभाळून ही जबाबदारी पेलावी लागते. पगार लगेच डोळे दिपवणारा नसतो. पण जैवसुरक्षा, दर्जा आणि कायदा या तिन्हींची जाण असलेला माणूस संस्थेला सहजासहजी मिळत नाही आणि मिळाला की ती त्याला सोडत नाही.

जंतूंची भीती

धोका आहेच. मुख्य धोका सुई टोचण्याचा आणि त्यातून हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीच्या संसर्गाचा. म्हणूनच हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी, रुजू होताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण, या गोष्टी संस्थेवर बंधनकारक आहेत. त्यामुळे ‘हे क्षेत्र सुरक्षित आहे का?’ असं विचारण्यापेक्षा ‘ही संस्था सुरक्षित आहे का?’ असं विचारा. मुलाखतीला जाताना चार प्रश्न बरोबर न्या:

– लस संस्था देते की आपली आपण घ्यायची?
– रात्री सुई टोचली तर फोन कुणाला करायचा आणि एचआयव्ही-प्रतिबंधक औषध कुठे मिळेल? (ते ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं.)
– सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरला की बदलला जातो का?
– बीजाणू चाचणीची नोंदवही दाखवाल का?

या प्रश्नांवर कुणी हसलं किंवा ‘बघू नंतर’ म्हणालं, तर पगार कितीही असो, ती नोकरी सोडून द्या.

आणि विद्यार्थ्यांनो, पुढच्या प्रॅक्टिकलनंतर लगेच बाहेर पडू नका. आपल्या प्लेट्स कुठे जातात ते लॅब असिस्टंटला विचारा, एकदा ऑटोक्लेव्ह भरण्यापासून रिकामा होईपर्यंत थांबा आणि नोंद स्वतः लिहा. तासभर थांबून, काटेकोरपणे लिहूनही कंटाळा आला नाही, तर या क्षेत्राचा विचार जरूर करा. कंटाळा आला, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.