प्रभात फिल्म कंपनी : सामूहिक नेतृत्वाचा अभ्यास

चित्रपटाच्या यशाचे श्रेय सामान्यतः दिग्दर्शकाला किंवा कलावंतांना दिले जाते. त्यामागील संस्थेची रचना दुर्लक्षित राहते. व्यवस्थापन व लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांनी ‘प्रभात’चा अभ्यास करावा तो मुख्यतः या रचनेसाठी.

१९२९ मध्ये कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी या पाच भागीदारांनी ही कंपनी स्थापन केली. यांपैकी पहिले चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, प्रत्यक्ष कामातून घडलेले होते. शांताराम दिग्दर्शन करीत, धायबर छायालेखन, फत्तेलाल कलादिग्दर्शन. बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाची बाजू दामले यांनी सांभाळली, तर कुलकर्णी यांचा वाटा भांडवलाचा होता. येथे मालक आणि तज्ज्ञ वेगळे नव्हते. एखादी कल्पना पडद्यावर उतरेल की नाही, हे सांगणारी व्यक्ती निर्णय घेणाऱ्यांमध्येच बसलेली असे. मूकपटाकडून बोलपटाकडे जाण्याचे संक्रमण ‘प्रभात’ने पेलले, त्यात या रचनेचा वाटा मोठा असावा. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला आणि मराठी प्रदेशाबाहेरची बाजारपेठ कंपनीला खुली झाली.

प्रत्येक प्रयोग यशस्वी झाला असे मात्र नाही. ‘सैरंध्री’ (१९३३) रंगीत करण्याचा प्रयत्न जर्मनीत प्रक्रिया करूनही फसला. त्याच वर्षी कंपनी पुण्यास स्थलांतरित झाली आणि १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ पडद्यावर आला. अपयशाची किंमत मोजूनही नव्या स्टुडिओत गुंतवणूक करण्याचे धैर्य भागीदारांनी दाखविले.

नेतृत्वाच्या दृष्टीने सर्वांत उद्‌बोधक उदाहरण ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाचे आहे. शांताराम यांच्यासारखा प्रस्थापित दिग्दर्शक संस्थेत असताना या चित्रपटाचे दिग्दर्शन दामले व फत्तेलाल यांनी केले. ध्वनी आणि नेपथ्य सांभाळणाऱ्या या दोघांच्या कृतीची दखल १९३७ मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात घेतली गेली. त्याच वर्षी शांताराम यांनी ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत टाळून केवळ स्वाभाविक ध्वनींवर भर दिला. एकाच छताखाली संतपट आणि सामाजिक चित्रपट असे दोन प्रवाह नांदले. एका प्रवाहाचे यश दुसऱ्यावर लादले गेले नाही. (धरणबांधणीच्या निमित्ताने दोन शेजाऱ्यांत पडणारी फूट दाखविणारा १९४१ चा ‘शेजारी’ विकासाच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावा.)

या रचनेचा दोष तिच्या गुणातच होता. अधिकार व्यक्तींच्या कौशल्याशी आणि परस्पर विश्वासाशी बांधलेला असल्याने, व्यक्ती गेली की तो विभागच पोरका होई. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांताराम यांनी ‘प्रभात’ सोडून मुंबईत ‘राजकमल’ची स्थापना केली, १९४५ मध्ये दामले यांचे निधन झाले. नवी गुणवत्ता येत नव्हती असे नाही. गुरुदत्त आणि देव आनंद यांची सुरुवातीची वाटचाल येथूनच झाली. परंतु संस्थापकांच्या जागी बसू शकेल अशी दुसरी फळी उभी राहिली नाही. १९५३ मध्ये कंपनी बंद पडली.

पुण्यातील स्टुडिओची जागा पुढे केंद्र सरकारने घेतली आणि १९६० मध्ये तेथे चित्रपट प्रशिक्षण संस्था स्थापन केली. ‘प्रभात’च्या भागीदारांनी अनुभवातून मिळविलेली कौशल्ये तेथे अभ्यासक्रमाद्वारे शिकविली जाऊ लागली.