हातास बसेल ती मूठ

खुरपे, विळा, चाकू ही साधने विकत घेताना आपण पाते निरखून पाहतो, बोटाने धार अजमावतो, आणि मुठीकडे मात्र ओझरती नजर टाकतो. दिवसभर निंदणी करणाऱ्या बाईस विचारले तर ती सांगेल की, हातास फोड येतो तो मुठीमुळे, आणि काम लवकर उरकते तेही मुठीमुळेच. साधन आणि मनुष्य ह्यांची गाठ मुठीत पडते. हे तत्त्व ज्या एका साधनात फार स्पष्टपणे दिसून येते, त्या नेमबाजीच्या हवेच्या पिस्तुलाविषयी व त्याच्या लाकडी मुठीविषयी आम्ही येथे चार शब्द लिहीत आहोत.

२०२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत मनू भाकर हिने दहा मीटर हवेच्या पिस्तुलाच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, आणि सरबज्योत सिंग ह्याच्यासह मिश्र जोडीतही दुसरे कांस्यपदक पटकाविले. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई क्रीडासामन्यांत पंचवीस मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले होते. अशा वार्तांनी मुलांच्या मनात ह्या खेळाची ओढ उत्पन्न व्हावी हे साहजिकच आहे. परंतु ओढ लागल्याबरोबर पालक दुकानाची वाट धरतात, आणि तेथे काय पाहावे हे ठाऊक नसल्यामुळे पैसा जातो व मुलाचा हिरमोड होतो.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. नेमबाज दहा मीटरांवरून, उभ्याने, एकाच हाताने पिस्तूल धरून ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा सोडतो. लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचे जे वर्तुळ असते त्याचा व्यास केवळ ११.५ मिलिमीटर आहे. पात्रतेच्या फेरीत पंचाहत्तर मिनिटांत साठ नेम साधावयाचे असतात. पिस्तुलाचे वजन दीड किलोग्रॅमपर्यंत चालते, आणि चाप किमान ५०० ग्रॅम भार सहन करणारा असावा लागतो.

आता थोडे भूमितीचे गणित करू. पिस्तुलाच्या पुढील टोकास माशी असते व मागे खाच असते. ह्या दोहोंमधील अंतर सुमारे ३३ सेंटीमीटर धरा. मनगट किंचित वळून माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाप्रमाणे दहा मीटरांवर छर्रा सुमारे तीस मिलिमीटर दूर जाऊन पडेल. हातातील एवढीशी चूक लक्ष्यावर तीसपट होते! म्हणूनच पिस्तूल प्रत्येक वेळी हातात तंतोतंत त्याच जागी बसणे अगत्याचे आहे, आणि ते काम मुठीचे आहे.

चांगली बसलेली मूठ ओळखावयाची कशी? अंगठा व तर्जनी ह्यांमधील बेचके मुठीच्या मागील बाजूस वरपर्यंत भिडले पाहिजे. नळी व पुढचा हात साधारण एका रेषेत आले पाहिजेत. पकड मुख्यत्वे मधले बोट व अनामिका ह्यांनी करावयाची. करंगळीने व अंगठ्याने दाबू नये. तर्जनी मुठीच्या लाकडास न लागता मोकळी राहावी, म्हणजे तिच्या पहिल्या पेराने चाप सरळ मागे ओढता येतो. तळहाताची खालची कड एका सरकत्या टेकणावर विसावते. हे टेकण हातास नुसते लागून असावे. ते शिकंज्यासारखे आवळले तर हात थरथरू लागतो.

परीक्षा अशी करावी. रिकामे पिस्तूल हातात घेऊन डोळे मिटावेत, हात लक्ष्याच्या दिशेने उचलावा, स्थिर करावा आणि मग डोळे उघडावेत. माशी आपोआप खाचेच्या मध्यभागी दिसली तर मूठ हातास बसली असे समजावे. ती दर वेळी एकाच बाजूस दिसत असेल, तर दोष बहुधा मुठीत आहे. मनगट वाकवून तो झाकण्याचा प्रयत्न करू नये, कारण दहाव्या नेमास ते साधेल, परंतु पन्नासाव्या नेमास थकलेले मनगट दगा देईल.

येथे पालकांस एक गोष्ट विशेषेकरून सांगावयाची आहे. आपल्याकडे मुलांस सदरा घ्यावयाचा तो वाढत्या अंगाचा घेण्याची चाल आहे. काटकसरीच्या दृष्टीने ती योग्यच होय. परंतु ही चाल मुठीस लावू नये. मोठी मूठ घेतली की लहान बोट चापापर्यंत पोहोचत नाही. मग मूल मूठ हातात फिरवून धरते, नळी तिरकी होते, आणि ती तिरकी सवय हाडीमांसी खिळते. पुढे हात वाढून मुठीएवढा झाला तरी सवय मुलाबरोबर राहते, आणि ती मोडावयास पैसा उपयोगी पडत नाही. मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत मिळतात. हात कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची आकृती काढावी, ती निर्मात्याच्या मापाशी ताडून पाहावी, आणि आजच्या हाताचेच माप घ्यावे. मूठ बहुधा एका स्क्रूने बसविलेली असते. हात वाढल्यावर पिस्तूल तेच ठेवून मूठ तेवढी बदलता येते.

दुसरी गोष्ट डावखुऱ्या मुलांची. उजव्या हाताची मूठ डाव्या हातास चालत नाही, कारण एक दुसरीचे आरशातील प्रतिबिंब असते. मूल डावखुरे असेल व त्याचा डावा डोळा प्रधान असेल, तर त्याच्या हाती उजवी मूठ बळेच देऊ नये. हंगेरीचा सैनिक कारोय ताकाच ह्याचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्ब फुटून निकामी झाला. त्याने डाव्या हाताने अभ्यास केला आणि १९४८ साली लंडन येथे व पुन्हा १९५२ साली हेलसिंकी येथे जलद पिस्तुलाच्या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. डावा हात कमी प्रतीचा मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

विकतची मूठ अगदी जशीच्या तशी क्वचितच बसते. तिला हातानुरूप बेतावे लागते. ह्या कामी अक्रोडाचे लाकूड फार नावाजलेले आहे. काश्मिरात ज्यावर सुबक कोरीव काम होते तेच हे झाड. ते कणखर, पण कानशीस वश होणारे असते. काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करावे. पिस्तूल रिकामे आहे अशी प्रशिक्षकाकडून खात्री करून, हवेचे नळकांडे काढून, मगच मूठ सोडवावी. खडूची भुकटी तळहातास चोळून मूठ धरावी. जेथे खडू दाट उमटतो तेथे लाकूड टोचते. जेथे उमटतच नाही तेथे पोकळी आहे. टोचणारी जागा लाकडाच्या कानशीने अगदी थोडी घासावी, पुन्हा धरून पाहावे, एक-दोन दिवस सराव करावा, आणि मगच पुढे जावे. घासलेले लाकूड परत येत नाही. पोकळी मात्र दोन भाग कालवून करावयाच्या इपॉक्सी लांबीने भरता येते. वाढत्या हाताच्या मुलांस हा उपाय सोयीचा आहे. घासताना नाकातोंडास फडके बांधावे.

आकार साधल्यावर १२० क्रमांकाच्या व नंतर २४० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने मूठ साफ करावी. ओल्या फडक्याने पुसली की लाकडाचे तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते पुन्हा हलकेच घासावेत. नंतर जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ हात द्यावा, पाव तासाने उरलेले तेल पुसून घ्यावे, आणि एक दिवस वाळू द्यावे. असे तीन-चार हात पुरेत. चकचकीत वार्निश मुठीस नको. घामेजल्या हातात ते निसटते. तळहात टेकतो तो भाग थोडा खरखरीतच ठेवावा.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येथे लक्ष द्यावे. जवसाचे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. ते हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते, आणि त्या क्रियेत उष्णता उत्पन्न होते. तेलाचे बोळे एकत्र चुरगळून ठेवल्यास ही उष्णता आत कोंडते व ते आपोआप पेट घेतात. म्हणून ते पाण्यात भिजवावेत किंवा उघड्यावर पसरून वाळवावेत.

सरतेशेवटी नियमांची आठवण ठेवावी. मुठीने मनगटास आधार देता कामा नये. मनगट मोकळे दिसले पाहिजे. मुठीसह सबंध पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरांच्या पेटीत मावले पाहिजे. लांबी भरून मूठ जाड केली आणि पेटीत मावली नाही, तर सारी मेहनत फुकट जाईल.

विद्यार्थीमित्रहो, ह्या खेळात उतरणारे तुमच्यापैकी थोडेच असतील. परंतु लेखणी, बॅट, करवत, सतार, काही ना काही प्रत्येकाच्या हाती येणार आहेच. ते हाताशी नीट जुळते की नाही हे आरंभीच पाहा, आणि जुळत नसेल तर गुरुजनांस निःसंकोच सांगा. पालकहो, मुलाने अशी तक्रार केली तर ती आळसाची सबब समजून झिडकारू नका. आधी त्याचा हात आपल्या हाती घेऊन पाहा.