भूकंप : कारणे व समाजजीवनावरील परिणाम

भूगर्भातील खडकांत दीर्घकाळ साठत आलेला ताण अकस्मात मोकळा होणे, म्हणजे भूकंप होय. पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांचे बनलेले आहे. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत युरेशियन भूपट्टावर रेटला जातो. त्याचा ताण हिमालयापुरताच मर्यादित राहत नाही. दूर दख्खनच्या पोटातील जुन्या भेगांवरही तो पडतो. खडकाची सहनशक्ती संपली की तो भेगेवर सरकतो आणि कंपलहरी चहूदिशांना पसरतात.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला, तो असाच. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. भूकंपाचे परिमाण ६.२ होते आणि केंद्र जमिनीखाली फारसे खोल नव्हते. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता.

परंतु एवढी जीवितहानी केवळ धक्क्याने झाली नाही. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि माथ्यावर मातीचे जड माळवद, अशी तेथील घरे होती. भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांत गुंफलेले नसल्याने त्या फाटून कोसळल्या आणि झोपलेली कुटुंबे ढिगाऱ्याखाली गेली. भिंतीत आरपार जाणारे जोडदगड आणि दारे-खिडक्यांच्या वरून घराला चहूबाजूंनी बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा, एवढ्यानेही अनेक प्राण वाचू शकले असते.

भूकंपाचा आघात सर्वांवर होतो. सावरण्याचे बळ मात्र सर्वांना सारखे नसते. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या घराचा आकार पूर्वीच्या जमीनधारणेवर ठरला : भूमिहीनांस २५० चौरस फूट, तर मोठ्या जमीनदारांस ७५० चौरस फूट. छप्पर सर्वांनाच मिळाले. पण जुनी विषमता नव्या गावाच्या आराखड्यातही उतरली. रुंद रस्त्यांनी गल्ल्यांमधला जुना शेजारही दुरावला.

भूकंप केव्हा होईल, हे आज कोणालाही नेमके सांगता येत नाही. घर कसे बांधावे, हे मात्र आपल्याला ठाऊक आहे. आमचे माजी विद्यार्थी गवंडी असोत, अभियंते असोत वा ग्रामपंचायतीचे सदस्य, त्यांनी हे ज्ञान सर्वांत गरीब घराच्या पायापर्यंत न्यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.